पॅड क्रमांक सात

३ जून, सोमवार. दुपारी १.१०
आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. संचालकांनी केबिनमध्ये बोलावलं, चक्क खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, की आपला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आता फॉस्टरमधल्या मुलांसाठी रूपांतरित करायचाय. म्हणजे जी मुलं स्वतःच्या आईवडिलांकडे राहू शकत नाहीत आणि सरकारी कागदावर दुसऱ्यांच्या घरी वाढतात, ती. चौदा ते अठरा वयाची. सहा जण आहेत, सहा आठवडे मिळतील.

विचारलं, मीच का? म्हणाले, बाकी कुणी रिकामं नाही. त्यांचं हे असंच. कौतुक करायचं, पण लपवून.

आपली पुस्तिका पन्नाशीतल्या पुरुषांसाठी लिहिलेली आहे. बावीस पानं. रूपांतराला तीन दिवस खूप झाले.

संकल्प: एक, रोज लिहायचं. दोन, आवाज चढवायचा नाही. तीन, खोकल्याचं औषध बंद. (खोकला तीन वर्षांपूर्वीच गेला. पण समुपदेशकाचा घसा म्हणजे त्याचं भांडवल, त्याला तेलपाणी नको का? तरीही बंद.)

४ जून, मंगळवार. १.३०
रूपांतर झालं! एका सकाळीत. मुखपृष्ठावरचा मिशीवाला गृहस्थ काढून तिथे स्केटबोर्डवाला मुलगा टाकला. ‘ऑफिसातून घरी येताना मित्र आग्रह करतात’ इथे ‘शाळेतून’ केलं. ‘पत्नीला दिलेलं वचन आठवा’ हे तसंच ठेवलंय. पुढेमागे उपयोगी पडेल.

औषध एक झाकण. एकदम बंद करू नये, हळूहळू करावं. आपल्याच पुस्तिकेत पान नऊवर आहे.

६ जून, गुरुवार. ४.४०
आज मला सुचलं ते आजवर कुणालाच सुचलं नसेल. पॅड! प्रत्येक मुलाला एक. रोज काय घेतलं, किती घेतलं, काय वाटलं, ते लिहायचं. वर लिहिलं की खाली आपोआप दोन प्रती उमटतात. पांढरं पान मुलाचं. गुलाबी घरच्यांचं, म्हणजे मूल ज्यांच्याकडे ठेवलंय त्यांचं. पिवळं समितीचं. समिती म्हणजे कुठल्या मुलानं कुठल्या घरी राहायचं हे ठरवणारी मंडळी. सगळ्यांना सगळं कळणार! पारदर्शकता म्हणतात ती हीच.

शिपाई मामा (ऑफिसात सगळे त्यांना मामाच म्हणतात, संचालकसुद्धा) पॅडं उचलताना विचारायला लागले, की खालची पानं कुठे जातात हे पोरांना ठाऊक आहे का. म्हटलं, मामा, तुमचं काम टपालाचं. मग त्यांनी विचारलं, पानं कुठल्या पत्त्यावर, किती वाजता, सहीशिवाय चालेल का. किती प्रश्न! शेवटी नियमच टाइप करून भिंतीवर चिकटवला: ‘ट्रेमधील प्रत्येक पॅडची गुलाबी व पिवळी पाने रोज पाच वाजता फाडून, गुलाबी पाने पॅडच्या कव्हरवरील पत्त्यावर व पिवळी समितीकडे पाठवावीत. कोणालाही काहीही विचारू नये.’ खाली सही, शिक्का.

छापखान्यानं सात पॅडं दिली, मुलं सहाच. सातवं मी घेतलं. रोजनिशीला झकास आहे, कागद गुळगुळीत.

औषध एक झाकण. नियम टाइप करून घसा सुकला म्हणून अर्धं आणखी.

१० जून, सोमवार. ४.३५
पहिली बैठक. सहाही जण आले, सहाही जण दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले. मध्ये मी एकटा. नेतृत्व असंच असतं.

पॅड कसं भरायचं ते दाखवायला माझ्याच पॅडचं कव्हर त्यांच्यासमोर भरलं. क्रमांक सात, नाव, वय, घरचा पत्ता, घरची जबाबदार व्यक्ती: बायको. हसले. बर्फ फुटला म्हणायचं.

मग पान चारवरचा व्यायाम, आपला वंशवृक्ष काढा. एकानं विजेचा खांब काढला. एकानं कागद कोराच दिला. एक मुलगी आहे, सतरा वर्षांची, लोकरीची टोपी कधीच काढत नाही, तिला सगळे टोपीच म्हणतात. तिनं झाड काढलं, पण कुंडीत. विचारलं, कुंडी कशाला? म्हणाली, उचलून नेता येतं. शेरा दिला: चित्रकला चांगली, सूचना नीट वाचावी.

शेवटी तिनं विचारलं, आम्ही लिहू ते वाचणार कोण? मी पान दोनवरचं वाक्य म्हणून दाखवलं, ‘इथे जे सांगाल ते इथेच राहील.’ छान वाक्य आहे. मोठ्या माणसांना फार धीर येतो त्यानं. रूपांतरात त्याला हातही लावला नाही.

औषध दोन झाकणं. बोलून बोलून घसा बसला.

१३ जून, गुरुवार. ४.४५
अरे वा! सहाच्या सहा पॅडांवर एकच मजकूर: ‘आज काही घेतलं नाही. बरं वाटलं.’ चार दिवस रोज. पूर्णविरामसुद्धा तेच. शंभर टक्के यश आणि तेही पहिल्याच आठवड्यात! संचालकांना कळवलं. ते म्हणाले, बघा हं. म्हणजे खूश आहेत.

मामा दारात उभे राहून म्हणाले, सर, ते सात नंबरचं... मी नुसतं भिंतीकडे बोट केलं. कोणालाही काहीही विचारू नये. गेले बिचारे. पॅड मी लिहून झालं की ट्रेमध्येच ठेवतो, टेबल नीट दिसतं. वरचं पांढरं पान तेवढं फाडून घेतो. शेवटी खासगी गोष्ट आहे.

काल बायकोनं जेवताना सहज विचारलं, की गोड औषधानं दात किडतात का हो. हिच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

१७ जून, सोमवार. ४.४०
टोपी बैठकीनंतर थांबली. मी पेन शोधायला खण उघडला, तर तिची नजर थेट बाटलीवर. लाल बूच, चेरीचं चित्र. म्हणाली, हीच. मग एकेक सांगायला लागली. तिसऱ्या घरात असताना तिला खरंच खोकला झाला होता, तेव्हा दिलं. त्या रात्री नव्या खोलीत पहिल्यांदा झोप लागली. मग प्रत्येक नव्या खोलीत लागायला लागलं.

आताचं घर सहावं. शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आहेत, एकट्याच. चौदा महिने झाले. मावशींनी तिला घराची किल्ली दिलीय, तिची स्वतःची. आधीच्या पाच घरांत बेल वाजवूनच आत जावं लागायचं म्हणे. आता ती औषध कमी करतेय, कुणी न सांगता. मावशींचा शिवणाचा खडू घेऊन बाटलीवर रेघा मारते, एका दिवसाला एक रेघ. अर्ध्या बाटलीवरून दोन-अडीच झाकणांवर आलीय. अजून महिनाभर लागेल म्हणाली. मावशींना सांगितलेलं नाही. कळलं तर परत बॅग भरावी लागेल.

मग विचारलं, सर, खरं लिहू का? मी म्हटलं, अगं लिही की, इथलं इथेच राहतं. आणि खरं सांगतो, तेव्हा मला तसंच वाटत होतं. पॅडचा विचारच मनात नव्हता.

जाताना म्हणाली, तुम्ही किती झाकणं घेता? म्हटलं, माझं औषध आहे. ती म्हणाली, हो, माझंही औषधच होतं. याला आमच्या शास्त्रात दुसऱ्यावर ढकलणं म्हणतात. नोंद केली.

२० जून, गुरुवार. ४.५०
टोपीनं खरं लिहिलं. ‘काल दोन झाकणं. परवा अडीच होती. सरांच्या खणात तीच बाटली आहे, त्यामुळे एकटं वाटलं नाही.’ दोन आठवड्यांतलं पहिलं खरं वाक्य, माझ्या कार्यक्रमामुळे! शेवटचा भाग जरा खटकला. पण चालायचंच.

पाच वाजले. मामा ट्रे उचलून नेतायत. आज जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत उभे होते. मी भिंतीकडे पाहिलं. नियम म्हणजे नियम.

औषध अडीच. आनंदाच्या भरात.

२४ जून, सोमवार. ४.२५
काय वेग! समितीचं पत्र आलं. पिवळं पान पाहून त्यांनी टोपीचं घर बदलण्याचा प्रस्ताव मांडलाय. सध्याच्या घराची देखरेख कमी पडते, सबब मुलीला दूरच्या केंद्रात हलवावं. सुनावणी ११ जुलैला. माझ्या पॅडनं चार दिवसांत कारवाई घडवली. एरवी इथे साधी फाइल हलायला महिना लागतो.

शिवाय ती दूर गेली की माझ्या गटातून बाद होईल. उरलेले पाच, पाचही शंभर टक्के. हे आकडे काही मी बनवत नाही, ते तसे आहेतच.

पण दुपारपासून काही सुचत नाहीये. उकाडा असेल.

समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला होता. कामाचं बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या घशाची चौकशी केली. किती माणुसकी! यांना कुठून कळलं कोण जाणे. आवाजावरून असेल.

२७ जून, गुरुवार. ४.४०
टोपी आली. मी आवाज न चढवण्याची पूर्ण तयारी ठेवली होती, पण तिनंच चढवला नाही. टेबलावर एक किल्ली ठेवली, लाल दोरा बांधलेली. म्हणाली, ही मावशींना द्या, मला त्यांच्या हातात द्यायला जमणार नाही. बास. गेली. जाताना खुर्ची जागेवर लावून गेली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसांशी बोलायचं ट्रेनिंग आहे.

किल्ली हातात धरवेना, म्हणून ट्रेमध्ये ठेवली. जाईल ती टपालानं.

औषध तीन. का ते लिहीत नाही.

१ जुलै, सोमवार. ४.३०
मावशी आल्या. बोटाला टोपण तसंच, गळ्यात मापाची टेप तशीच, काम टाकून आल्या होत्या. हातात गुलाबी पान. मी त्यांना धीर देणार, तोच त्यांनी सांगितलं की मला आधीपासून माहीत आहे.

खडू कमी होत होता म्हणून त्यांनी शोधलं. कपाटामागे बाटली सापडली, रेघा मारलेली. त्यांनी तिथेच ठेवली आणि रोज पोरगी शाळेत गेली की टेपनं मोजायला लागल्या. रेघ खाली खाली जात होती. मग कशाला बोलायचं? आपणहून उतरतेय तर उतरू दे. बोललं असतं तर तिनं घाबरून लपवायला दुसरी जागा शोधली असती. आता कागद आला म्हटल्यावर मला ‘मिळाला’ म्हणून सही करावी लागली, म्हणाल्या. तुमच्या या गुलाबी पानानं माझं पोर जातंय सर.

मग एकच मागितलं. समितीपुढे एवढंच सांगा, की इथलं इथेच राहील असं तुम्ही तिला म्हणाला होतात. म्हणून तिनं लिहिलं. ती लबाड नाही आणि मी बेफिकीर नाही, हे त्यांना कळलं तर बस्स.

म्हटलं, बघतो.

बघतो म्हणजे काय? मी तसं सांगितलं तर पॅडची योजना गेली, माझं नाव गेलं, संचालक काय म्हणतील? शिवाय एका मुलीसाठी पाच मुलांचं यश पणाला लावणं शास्त्रीय नाही.

किल्ली मिळाली का, हे विचारायचं राहिलं. त्यांनीही विषय काढला नाही.

४ जुलै, गुरुवार. १.४०
घरी एक विचित्र प्रकार. चपलांच्या कपाटात, बुटांच्या जुन्या खोक्यात माझी घरची बाटली असते (सोयीसाठी). आज सकाळी पाहतो तर तिच्यावर खडूची रेघ! औषधाच्या बरोबर पातळीला. बायकोला विचारलं तर म्हणाली, मला काय ठाऊक, आणि वर्तमानपत्र वाचत राहिली. वर्तमानपत्र कालचं होतं.

बायकांना सहावं इंद्रिय असतं म्हणतात ते उगीच नाही. पण खडूच कसा सुचला असेल हिला?

८ जुलै, सोमवार. ४.४५
सुनावणीची तयारी झाली. सतरा स्लाइड्स. आलेख हिरव्या रंगात, सरळ वर जातो.

निर्णयही झालाय. ते वाक्य मी समितीपुढे काढणार नाही. हो, मी तिला वचन दिलं होतं, दोनदा. हो, पानं कुठे जातात हे मला माहीत होतं, नियम मीच भिंतीवर चिकटवला. चूक तिची नाही, मावशींची तर नाहीच, माझी आहे. पण कबूल करणार नाही. तीन झाकणं घेणाऱ्या माणसानं दोन झाकणांच्या मुलीला घराबाहेर काढलं, असं बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. इथे लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. ही वही तरी इथल्या इथेच राहते.

पांढरं पान फाडलं. पॅड ट्रेमध्ये. मामा आज पॅड घेताना म्हणाले, सर, अजून एकदा विचारू का? म्हटलं, भिंत वाचा.

११ जुलै, गुरुवार. ४.१०
लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

समितीच्या खोलीत लांब टेबल. एका बाजूला टोपी आणि मावशी शेजारी शेजारी, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा लॅपटॉप. चौथ्या स्लाइडवर अध्यक्षबाई म्हणाल्या, थांबा जरा. त्यांनी एक फाइल उघडली. आत पिवळी पानं. जाड गठ्ठा. अक्षर ओळखीचं वाटलं. म्हटलं, काय सुंदर अक्षर आहे या पोराचं! मग कळलं, माझंच आहे.

पॅड क्रमांक सात. ट्रेमध्ये होतं, रोज पाच वाजता जात होतं. ‘प्रत्येक पॅड’ असं नियमात मीच लिहिलं होतं.

बाईंनी काही मोठ्यानं वाचू नये म्हणून मी मनात सगळ्या देवांना हाका मारल्या. त्यांनी फक्त सोमवारचं पान वाचलं. चूक तिची नाही, इथपासून इथल्या इथेच राहते, इथपर्यंत. खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर निभावून नेलं असतं. मग त्यांनी विचारलं, हे खरं आहे का? मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, हो.

निकाल: मुलगी मावशींकडेच राहील. बाटलीवरच्या रेघा हीच देखरेख समजावी. प्रती पाठवणं आजपासून बंद. पुस्तिका मुलांनी स्वतः लिहावी, मी ती टाइप करून द्यावी. बाई शेवटी म्हणाल्या, की हा निर्णय मुख्यतः सात नंबरच्या मुलाच्या प्रामाणिकपणामुळे झाला. टोपी तेवढी हसली.

ऑफिसात परतलो. टोपी आणि मावशी मागून आल्या, पॅडं परत करायला. मामांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली, लाल दोऱ्याची, आणि पोरीच्या हातात ठेवली. मी विचारलं, ही पाठवली नाहीत? म्हणाले, नियमात पॅडाचं लिहिलंय, किल्लीचं नाही. आणि विचारायची तर बंदी होती. दोन आठवडे त्यांनी ती खिशात वागवली. मावशी तोंडाला पदर लावून रडल्या. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, पण बाहेर काही नव्हतं.

मग लक्षात आलं. पिवळी पानं समितीला गेली. गुलाबी?

कव्हरवर मीच लिहिलं होतं.

१२ जुलै, शुक्रवार. १.२०
काल घरी गेलो तर बायको दारात. सगळी गुलाबी पानं तिनं सेफ्टी पिनेनं नीट लावून ठेवलीयत, तारखेवार. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तीन वर्षं बोलत होते, तेव्हा तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आता निदान लिहीत तरी होता. बोलले असते तर ते बंद झालं असतं.

टोपीनं आज पान दोन लिहून दिलं, मी टाइप केलं. ‘इथे जे सांगाल ते कोण वाचेल ते आधी सांगा. मग आम्ही ठरवू.’ म्हटलं, भाषा थोडी सुधारू का? म्हणाली, नको सर. नाही सुधारली.

जाताना तिनं खडूचा एक तुकडा टेबलावर ठेवला. मावशींचा. म्हणाली, आधी रोज पाव झाकण कमी करा, एकदम करू नका, मी एकदम करून पाहिलंय. पान नऊ!

औषध पावणेतीन. खरं सांगतो. म्हणजे तीनच होतं, पण थोडं सांडलं.

आज लिहायला बसलो तेव्हा पांढऱ्या पानाखाली पुठ्ठा सरकवला होता, खाली काही उमटू नये म्हणून. प्रती बंद झाल्यात, मामा आता काही नेत नाहीत, पण खात्री असलेली बरी. तीन ओळी लिहिल्या. मग पुठ्ठा काढला आणि पहिल्यापासून लिहिलं. गुलाबी पान आज मीच खिशात घालून घरी नेणार आहे. ती वाट बघत असते.